आपोआप लागणारा दिवा

विमलाबाईंचा गल्लीत कुणावरच विश्वास नव्हता, आणि समोरच्या सुलाबाईंवर तर मुळीच नाही. झंपर शिवायला टाकायला आल्या की सुलाबाई नव्या शिलाई मशीनच्या चाकावरून हात फिरवायच्या, वासराच्या पाठीवरून फिरवावा तसा. "गुणाची गं तुझी मशीन," म्हणायच्या. एवढ्या मायेनं चोरच बोलतो, असं विमलाबाईंचं मत होतं.

म्हणून वणीच्या देवीला जायचं ठरलं तेव्हा पहिला घोर लागला तो मशीनचा. गडावर एक रात्र मुक्काम. घर अंधारात दिसलं की मशीन गेलीच. दिवेलागणीला दिवा आपोआप लागायला हवा, असं त्यांनी नवऱ्याला, मल्हारींना, बजावलं.

मल्हारी अंबडच्या कारखान्यात फिटर. मेन रोडच्या दुकानात त्यांनी वेळेवर दिवा लावणारं यंत्र हातात घेतलं, किंमत ऐकली आणि दुसऱ्याचं तान्हं बाळ परत द्यावं तसं हळूच परत दिलं. कारखान्यातल्या हबीबनं अंधार ओळखणारा काचेचा डोळा सुचवला. विमलाबाईंना तोही पटेना. ढग आले तर दिवसाच फसेल की तो!

शेवटी घरचं गजराचं घड्याळ कामाला लागलं. सुतळीचं एक टोक दिव्याच्या बटणाला, दुसरं गजराच्या चावीला. संध्याकाळी सातला गजर होणार, चावी फिरणार, सुतळी गुंडाळणार, बटण खाली येणार. आवाज नको म्हणून घंटेत कापसाचा बोळा. सगळं दार लावून, कुजबुजत.

पहाटेच्या एसटीत पिशवी उचलताना मल्हारींचा खांदा उतरला.

"काय भरलंयस यात?"

"नारळ. गल्लीतल्या बायांच्या ओट्या आहेत. देवीला जाणाऱ्यानं नाही कसं म्हणायचं?"

"म्हणजे आपण जाणार ते सगळ्या गल्लीला ठाऊक?"

"सगळ्या कुठं? बायांनाच फक्त."

दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीत शिरताच विमलाबाई घराकडे धावल्या. कुलूप तुटलेलं, दार सताड उघडं. उंबऱ्यात सुलाबाई, मांडीवर मुसळ.

"घाबरू नको, मशीन जागेवर आहे," सुलाबाई म्हणाल्या. "काल तुम्ही गेलात आणि सकाळी सातलाच बंद घरात दिवा लागला. आत कुणीतरी घुर्रघुर्र घोरत होतं. गल्ली गोळा केली, कुलूप फोडलं, पण मेला निसटला. आणि काय निर्दय बाई! घड्याळाच्या तोंडात बोळा कोंबून सुतळीचा फास लावून गेलाय."

घड्याळात सात दोनदा वाजतात, हे मल्हारींना आत्ता आठवलं. ते चपला काढण्यात बराच वेळ गुंतले.

"मग रात्री?" विमलाबाईंनी विचारलं.

"रात्री कुठं जाऊ? कुलूप तुटलेलं. इथंच बसले. दिवा मात्र विझवला नाही. म्हटलं, चोराला वाटावं घरात कुणीतरी आहे."

पिशवी सोडून विमलाबाईंनी देवीचा पहिला प्रसाद सुलाबाईंच्या ओंजळीत ठेवला.

संध्याकाळी नवं कुलूप आलं. एक चावी विमलाबाईंनी कमरेला खोचली, दुसरी स्वतः समोर नेऊन दिली.

येताना तेवढं दाराआड जरा थांबून पाहिलं, सुलाबाई ती ठेवतात कुठं.