जिंकलेल्यांचा फेरविचार

इमारतीची लिफ्ट बंद पडली, म्हणून ती दुरुस्त करावी की नाही, यावर रीतसर सभा भरली. चौथ्या मजल्यावरच्या शिंप्यानं सर्वांआधी हात वर केला. त्याच्या बायकोचे गुडघे कामातून गेले होते. लिफ्ट थांबल्यापासून तिला रस्ता दिसायचा तो फक्त गॅलरीतून. पण तिथं ठरावाला सगळ्यांचं मत लागे. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर एकटे विरोधात गेले आणि ठराव त्या एका मतानं पडला.

शिंप्यानं सेक्रेटरींना जिन्यातच गाठलं. "साहेब, फेरविचार करा की!"

"अवश्य. पण तशी सूचना जिंकलेल्या बाजूच्याच सभासदानं मांडायची असते. तुम्ही पडलात हरलेले."

"जिंकलेला माणूस कशाला फेरविचार करील?"

"म्हणून तर नियम इतका टिकलाय," सेक्रेटरी प्रसन्नपणे म्हणाले. मग आवाज उतरवून, "पुढच्या सभेत ठराव नव्यानं येईल. तेव्हा विरोधात मत द्या. पडला, तर फेरविचाराचा हक्क तुमच्या खिशात."

शिंप्याला हे अगदी पटलं. सेक्रेटरींनी ही युक्ती वरच्या मजल्यावरच्या प्रत्येकाला अशीच गुपचूप सांगितली होती, हे त्याला कुठून ठाऊक असणार?

पुढच्या सभेत ठरावाच्या बाजूनं एकच हात वर गेला. दातांच्या डॉक्टरांचा! वरच्या मजल्यांवरचे पेशंट खाली उतरेनासे झाल्यानं त्यांचं मतपरिवर्तन झालं होतं. बाकी सारी सभा विरोधात.

शिंपी छाती काढून उठला. "मी जिंकलेल्या बाजूचा. फेरविचार व्हावा!"

"व्हावा, व्हावा!" सगळे गरजले. त्यांचाही हक्क तोच होता.

ठराव पुन्हा मताला आला. शिंप्यानं आजूबाजूला पाहिलं. डॉक्टरांखेरीज कुणाचाच हात हलत नव्हता. आपणही वर करावा आणि ठराव पुन्हा पडला, तर? परत हरलेल्यांत जमा! हातात आलेला हक्क असा घालवायचा? त्याचा हात मांडीवरच राहिला. बाकी सगळ्यांचेही राहिले. डॉक्टर तेवढे पुन्हा हरले.

"एकदा फेरविचार झालेल्या ठरावाचा पुन्हा फेरविचार नाही," सेक्रेटरींनी जाहीर केलं. "सभा संपली."

शिंपी धापा टाकत चार मजले चढून घरी आला. बायको दारातच खुर्ची टाकून बसली होती.

"काय झालं हो?"

"जिंकलो आपण."

"म्हणजे लिफ्ट होणार!"

"लिफ्ट हरली."

तिनं जिन्याकडे बोट दाखवलं. "एवढी माणसं होती खाली. लिफ्ट नको असं वाटणारं कोण होतं त्यात?"

"कुणीच नाही," शिंपी म्हणाला. "म्हणून तर एवढं मोठं बहुमत मिळालं."