विश्वंभर मास्तरांच्या भुताचे कपडे

भीती ही प्रजेच्या हिताची गोष्ट आहे आणि म्हणूनच ती सरकारच्या ताब्यात असली पाहिजे, यावर जगातल्या सगळ्या सरकारांचं एकमत आहे. बंदुकीला परवाना लागतो, दारूला लागतो; मग कुणीही उठावं आणि परवान्यावाचून लोकांना घाबरवावं, हे कसं चालेल? पण आखाडा बाळापूरच्या विश्वंभर मास्तरांच्या हे ध्यानातच आलं नाही. निजामाच्या राज्यात राहून ते बिचारे दहा वर्षं भुतांच्या गोष्टी लिहीत बसले.

मास्तर गावातल्या खासगी मराठी शाळेत गणित शिकवायचे. घाबरवण्याचा अनुभव त्यामुळे दांडगा होता. अडतीस साली त्यांनी पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात जाऊन ‘बारवेतला पाहुणा’ हा सात भयकथांचा संग्रह छापून आणला. (नदीच्या अलीकडे, निजामाच्या हद्दीत, छापायला मंजुरी लागायची, आणि ती येईपर्यंत लेखकच भूत व्हायचा.) या पुस्तकातलं भूत म्हणजे एक उंच, मुका माणूस. पांढरी बंडी, पांढरं धोतर, पांढरं मुंडासं. तिन्हीसांजेला तो बारवेतून वर यायचा, कुणाच्या तरी ओसरीवर घटकाभर बसायचा आणि निघून जायचा. त्या घरात मग वर्षाच्या आत कुणीतरी मरायचं.

संग्रहाला एकोणीस वाचक लाभले. त्यांतले अकरा घाबरले, पाच जणांनी पुस्तक परत केलं नाही, दोघांना वाचताच येत नव्हतं आणि उरलेल्या एक म्हणजे मास्तरांच्या पत्नी कालिंदीबाई. त्यांना तिसऱ्या पानावर झोप लागली.

“अहो, चहा मागत नाही, जेवायला थांबत नाही,” त्या सकाळी म्हणाल्या. “पाहुणा म्हणून चांगलाच की!”

मास्तरांनी हे मनाला लावून घेतलं. मराठीत भयकाव्य नाही, ते आपणच आणलं पाहिजे, असं ठरवून त्रेचाळीस साली त्यांनी पाहुण्यावर एकशे आठ ओव्या छापल्या. गावातल्या बायकांनी त्या लगेच उचलल्या. जिवनबाईनं तर मास्तरांना भर रस्त्यात थांबवलं.

“मास्तर, लई गुणाच्या ओव्या हायेत! नातीला मांडीवर घेऊन म्हणते मी. दुसऱ्या ओवीला लेकरू गपगार झोपून राहते.”

मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत.

सेहेचाळीस साली पुण्याकडच्या एका बोलपट कंपनीचं पत्र आलं. पाहुणा पसंत होता, बदल किरकोळ हवे होते. पाहुण्याला नऊ गाणी, एक विनोदी मित्र आणि शेवटी लग्न. मास्तरांनी तीन महिने खपून, मंगलाष्टकांसकट, पटकथा लिहून दिली. बोलपट जवळा बाजार या गावी तंबूत लागला. पाहुणा बारवेतून हळूहळू वर आला, आणि त्याच्या मनगटावर घड्याळ दिसलं. चारशे माणसं पोट धरून हसली. (भुताला वेळेचं बंधन असावं, हे लोकांना पटलेलं दिसलं नाही.) परतताना बैलगाडीत मास्तर एवढंच बोलले, “कालिंदी, एक माणूस, फक्त एकच माणूस मनापासून घाबरला असता, तरी मला पुरे होतं.”

तो माणूस पुढच्याच वर्षी मिळाला. तो पोलीस खात्यात अमीन, म्हणजे फौजदार होता.

राज्यात तेव्हा ‘भारतात सामील व्हा’ म्हणणाऱ्यांची धरपकड चालू होती. वरच्या एका कचेरीतून (कोणत्या, हे लिहिण्यात सार्वजनिक हित नाही) मास्तरांना बोलावणं आलं. अमीनसाहेबांपुढे संग्रह, ओव्या आणि पटकथा यांची एक जाडजूड मिसल (म्हणजे फाईल) होती. त्यांनी सगळं बारकाईनं वाचलेलं होतं. मास्तरांना इतका मन लावून वाचणारा वाचक आजवर लाभला नव्हता.

“मास्तर, ये पाहुणा कौन है?”

“भूत आहे, साहेब.”

“सफेद कपडे पहनता है. गाँव गाँव फिरता है. किसी की भी ओसरी पे बैठता है. घड़ी भर में गायब! ये भूत है या काँग्रेसवाला?”

मास्तरांनी विचार केला. तर्कात खोट सापडेना, आणि गणिताच्या माणसाला ते नाकारताही येईना. शेजारगावच्या दोन मास्तरांना याहून कच्च्या तर्कावर आत टाकलं होतं, त्यांच्या शाळांना कुलूप लागलं होतं.

“साहेब, तो मेलेला आहे हो.”

“मर के भी बाज नहीं आता? ये तो और बुरी बात है.”

अमीनसाहेब मनानं वाईट नव्हते. आठ दिवसांत कपड्यांचा रंग बदलून लेखी आणा, एवढ्यावर त्यांनी सोडलं. मास्तर आणि कालिंदीबाई रंग शोधत बसले. भगवा म्हणजे उघड चिथावणी. हिरवा म्हणजे धर्माचा अपमान. पिवळा खुद्द सरकारच्या निशाणाचा. लाल म्हणजे कम्युनिस्ट, काळा म्हणजे निषेध. निळ्याला कालिंदीबाईंचीच हरकत होती, कारण त्यांचं एकुलतं चांगलं लुगडं निळं होतं.

“मग उघडाच ठेवू का?” मास्तर रडकुंडीला आले.

“अहो, शाळेत शिकवता तुम्ही!”

शेवटी मास्तरांनी लिहून दिलं, की सदर पाहुणा कोणालाही, कधीही, कोणत्याही रंगात दिसलेला नाही. मिसलीवर शेरा पडला: ‘भूत आढळले नाही.’ शाळा वाचली.

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात सरकार बदललं. मिसल तीच राहिली. नव्या साहेबांनी ती उघडली आणि त्यांना गहिवरून आलं. जुलमी राजवटीत पांढऱ्या कपड्यांतला एक निर्भय पुरुष दारोदार हिंडतो आणि त्याला कागदावरून पुसून टाकतात! मास्तरांचा सत्कार ठरला. सहीसाठी एक छापील निवेदनही आलं: ‘पाहुणा हा देशभक्त असून मी तो त्याच हेतूने लिहिला.’

शाळेच्या पटांगणात सभा भरली. उकंडराव पाटील बोलायला उठले. (मागच्याच साली त्यांनी ‘मास्तरशी आपला संबंध न्हाई’ असं जुन्या कचेरीत अंगठ्यानिशी दिलं होतं.)

“आमाला पयल्यापासून ठाव व्हतं! मास्तर कोन्तं भूत लिहून राहिले, हे काय आमाला समजत न्हाई व्हय?”

मास्तर उभे राहिले. “मंडळी, ते भूतच होतं हो. तुम्ही घाबरावं म्हणून लिहिलं होतं.”

एवढा विनय पाहून लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“अहो, तो येऊन बसला की घरातलं माणूस मरतं!” मास्तर ओरडले.

“बलिदान!” नवे साहेब डोळे पुसत म्हणाले.

कालिंदीबाईंनी मागून त्यांचं उपरणं ओढलं. “करा सही. दोन्ही सरकारांना खरं सांगून पाहिलंत.”

मास्तरांनी सही केली. सत्काराचा हार तिथंच विसरून ते घरी निघाले. लोक म्हणाले, आनंदानं. त्यानंतर त्यांनी एकही गोष्ट लिहिली नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचे, “भूत लिहिता येतं मला. त्याला भूत राहू देईल असा वाचक कुठून आणू?”

इथवर आलेल्या सुज्ञ वाचकानं पाहुणा म्हणजे खरा कोण, कचेरी म्हणजे आजची कोणती आणि लेखकाचा रोख नेमका कुणावर, हे मनाशी केव्हाच ठरवलं असेल. अशा माणसांची कचेरीला फार गरज असते. त्यांनी अर्ज करावा. नोकरी कायमची आहे. सरकार कोणतंही असो.