कुमाईत जनावरांची कत्तल आणि तपकिरी या शब्दाचा जन्म

श्री. शब्दाची माय जी शारदा, तिचे चरणी मस्तक ठेवोन वर्तमान लिहितो ऐसे जे. शके सोळाशे सत्तर, विभवनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी एका राज्याचे युवराज शिकारीस गेले असता घोडा उधळला, आणि युवराज खडकावर पडोन गत जाहले. घोडा कुमाईत, म्हणजे काळवट तांबड्या अंगाचा होता. महाराजांस एकच पुत्र. बहुत शोक केला, अन्न वर्ज्य केले, आणि मग हुकूम फर्माविला की, "आमचे मुलखात कुमाईत जनावर जिवंत न राहावे." त्याउपरी मारेकरी पागोपागी फिरो लागले, आणि नदीकाठी मढ्यांची रास पडली, आणि गिधाडांनी आभाळ झाकले, आणि भयास्तव कोणी तोंड उघडीना.

सरकारी पागेत म्हाकोजी मोतद्दार घोड्यांची चाकरी करीत असे. त्याची बायको बाळंतपणी गेली, मूलही गेले. त्याच सालात आईवेगळी जाहलेली एक शिंगी, म्हणजे लहान घोडी, त्याने बोटाने दूध चाटवून वाढविली होती. ती कुमाईत होती, आणि आता गाभण होती. दारोगा गोंदाजीराव तलवारी घेतलेले मारेकरी घेऊन दाराशी आले, तो म्हाकोजी घोडीपुढे उभा राहिला. दारोगे नाकाशी तपकिरीची चिमूट नेत बोलिले, "हिचा रंग काय रे?"

म्हाकोजीने चिमटीकडे पाहिले आणि म्हणाला, "सरकार, ही कुमाईत नव्हे. ही तपकिरी."

"ऐसा रंग आम्ही कधी ऐकिला नाही."

"आपले चिमटीतच आहे, धनी. ताडून पाहावा."

दारोगे कत्तलीने विटले होते. चिमूट घोडीच्या अंगाशी धरिली, बहुत वेळ पाहिले, आणि मारेकऱ्यांस म्हणाले, "तपकिरीच आहे. चला पुढे."

मग ही गोष्ट पागोपागी पसरली, आणि जो तो आपले जनावर तपकिरी म्हणो लागला, आणि कत्तल थांबली. तो कोणी चुगली केली. महाराजांनी म्हाकोजीस सदरेवर आणविले आणि हळू स्वरे पुसिले, "आमचे बाळास ज्याने पाडिले, तो घोडा कोणत्या रंगाचा?"

"कुमाईत, महाराज."

"आणि तुझी घोडी? खरे बोल, तुझा जीव वाचेल."

आपला जीव वाचला तर उरलेली जनावरे जातील, हे म्हाकोजी समजला. "तपकिरी, महाराज."

"दोहोंत अंतर काय?"

"त्याने युवराजांस पाडिले. हिने कोणाचे काही केले नाही."

महाराजांनी शेल्याने डोळे पुसिले, आणि बोलिले, "जनावरे राहू द्या. यास राहू देऊ नका." हत्ती आणविला, आणि म्हाकोजीस त्याचे पायी दिले.

फाल्गुनात घोडी व्याली. शिंगरू आईच्याच रंगाचे निपजले, आणि पागेतील माणसे तो रंग बोलताना अडखळली, मग बोलिली.

सारांश, युवराज गेले, शेकडो मुकी जनावरे गेली, मोतद्दार गेला. मुलखात एक शब्द अधिक जाहला. लोक तो सुखाने बोलतात. इति.