गुंतवळीचा पुरावा

माझ्या सकाळच्या चहाशेजारी आजवर कुत्रीनं ओकलेले केसांचे चार गोळे मांडले गेले आहेत. चारही वेळा मांडणारा माणूस एकच, आमचे शेजारी गुंडूअण्णा. वर्तमानपत्राच्या कागदावर गोळा, कागद बशीला चिकटून आणि वर अण्णांचं बोट. "बघा मास्तर. मी पुराव्याशिवाय बोलत नाही."

कोर्टात शिरस्तेदारी करण्यात उभा जन्म गेला की माणसाचं हे असं होतं. सप्तापुरातलं एकच घर आम्ही दोघांनी अर्धं अर्धं भाड्यानं घेतलंय. मध्ये भिंत, पुढं सामाईक व्हरांडा. पलीकडे अण्णा आणि त्यांची पुट्टी, पांढरी, झुपकेदार, म्हातारी कुत्री. अण्णांच्या पत्नी सुंदराक्का तीन वर्षांमागं गेल्या. पुट्टी त्यांनीच आणलेली.

पुट्टीला अंग चाटायची खोड. चाटलेले केस पोटात जातात, तिथं त्यांचा गोळा होतो आणि तो एक तर बाहेर येतो नाहीतर येत नाही. हे ज्ञान मला नको होतं हो! पण अण्णांनी ते मला दिलं, दूधवाल्याला दिलं, पोस्टमनला सायकलवरून उतरवून दिलं. मांजरांचं हे नेहमीचंच, कुत्र्यांचं क्वचित, म्हणून तर लोक गाफील राहतात, असं त्यांचं म्हणणं.

अण्णा गाफील राहत नाहीत. सकाळ-संध्याकाळ व्हरांड्यात पुट्टीची विंचरणी चालते. आधी विरळ दातांची फणी, मग बारीक, मग ओल्या फडक्यानं पुसणं. वारा नेमका आमच्या बाजूचा. माझ्या उपीटात पांढरा केस, धोतरावर केस, मुलांच्या गणिताच्या पेपरांवर केस. पोट साफ राहावं म्हणून पुट्टीच्या भातात रोज उकडलेला भोपळा, आणि उरलेला भोपळा आमच्या घरी. मला भोपळा आवडत नाही हे मी सतरा वेळा सांगितलंय. तिनं पाणी भरपूर प्यावं म्हणून तीन ठिकाणी भांडी, त्यातलं एक माझ्या उंबऱ्याला लागून. त्यात माझा पाय महिन्यातून दोनदा तरी जातो. आणि गोळा बाहेर पडला की अण्णा कानडीत ओरडतात, "बंतु!" म्हणजे, आलं! साऱ्या गल्लीला कळतं काय आलं ते.

चौथ्या गोळ्यात एक लांब केस निघाला. अण्णांनी तो चिमट्यानं ओढून कागदावर सरळ केला आणि माझ्या बायकोकडं, सिंधूकडं पाहिलं. म्हणाले, वहिनींनी यापुढं व्हरांड्यात वेणी घालू नये. तो केस ओकारीनं इतका बरबटलेला होता की काळा की पांढरा हेही कळत नव्हतं, पण निकाल लागून गेला. सिंधूनं आत जाऊन वेणी घातली आणि अण्णांकडं आमटी पाठवणं त्या दिवसापासून बंद केलं. भोपळा मात्र येतच राहिला.

मग एकदा 'बंतु' आलंच नाही. पुट्टी दोन दिवस नुसती ओकाऱ्या काढत होती. बाहेर काही पडेना, खाईना, पोट टणक झालेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णा दारात उभे राहिले, हातात वर्तमानपत्र नव्हतं.

"मास्तर, पुरावा नाही माझ्याकडं," ते म्हणाले, "पण ती जाणार असं वाटतंय."

मी शाळेला सुट्टी टाकली आणि टांगा आणला. गुरांच्या दवाखान्यात आमच्यापुढं एक म्हैस होती. डॉक्टरांनी मग पुट्टीचं पोट दाबून पाहिलं, औषध पाजलं, एनिमा दिला. दुपारी जे बाहेर पडलं ते लिंबाएवढं होतं. डॉक्टरांनी ते पाण्यात धुऊन काडीनं उकललं. लांबच लांब केस, बरेचसे पांढरे, बोटाभोवती गुंडाळावेत तसे गुंडाळलेले.

डॉक्टर म्हणाले, हे कुत्रीचे नव्हेत, ही कुणा बाईची गुंतवळ आहे. आज कुत्री वाचली. पुन्हा असं झालं तर पोट कापावं लागेल आणि या वयात ती ते सोसायची नाही.

सिंधूचे केस कोळशासारखे काळे. हे तिथल्या तिथं सुनावणार होतो, जिभेवर आलंच होतं. पण अण्णांचं तोंड पाहिलं आणि टांगा बघायला बाहेर पडलो.

विंचरताना निघालेले केस आमच्याकडच्या बायका टाकत नाहीत. पिशवीत साठवतात आणि केसांवर भांडी देणारी बाई दारावर आली की तिला देतात. सुंदराक्कांचीही तशी पिशवी होती. त्या गेल्यापासून अण्णा त्या बाईला फाटकातूनच हाकलत आलेत. मला वाटायचं, स्वभावच खवट, दुसरं काय.

घरी आल्यावर अण्णांनी उशीखालून पिशवी काढली. एक कोपरा कुरतडलेला.

"दुपारी उशाशी घेतो," ते म्हणाले. "पुट्टीपण त्यातच तोंड खुपसून निजते. तिलाही आठवण येते की मास्तर."

मग ते उठून सिंधूकडं गेले, पिशवी तिच्या हातात दिली. "वहिनी, चुकलं माझं. ती बाई आली की हे देऊन टाका. मला नाही जमायचं."

दोन दिवसांनी "कूदलु, कूदलु" म्हणजे केस, केस, अशी हाळी देत ती बाई आली. सिंधू पिशवी घेऊन फाटकापर्यंत गेली आणि तशीच परत आली. मलाही नाही जमत, म्हणाली. पिशवी आमच्या ट्रंकेत शालूखाली गेली, वर कुलूप. आणि मला फर्मान सुटलं, सुभाष रोडला जा आणि एक स्टीलची वाटी घेऊन या.

वाटी घेऊन मी अण्णांकडं गेलो. खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळं वाटेत पाठ करून ठेवलं होतं. म्हटलं, केसांवर ही मिळाली.

अण्णांनी वाटी हातात फिरवली. "एकच? आमच्या हिनं दोन तरी काढल्या असत्या. तुम्हाला घासाघीस करता येत नाही."

मग त्यांनी ती उलटी केली. बुडाला दुकानाचं लेबल तसंच होतं. काढायचं राहिलंच! मी गाढव, दुसरं काय.

जन्मात कागदाचा कपटा न हरवलेल्या त्या माणसानं लेबल वाचलं. अंगठ्याच्या नखानं सावकाश खरवडलं, त्याची बारीक गोळी केली आणि कुंपणापलीकडं टाकून दिली. वाटीत पाणी भरून ती पुट्टीपुढं ठेवली. ती पिईपर्यंत माझ्याकडं पाहिलं नाही.

"मास्तर," शेवटी म्हणाले, "वहिनींना सांगा, वेणी व्हरांड्यातच घालत जा म्हणावं. तिथं उजेड चांगला असतो."