दाजींनी काच चमकवली

दाजींचा धंदा कवळ्यांचा. दातांचे डॉक्टर माप पाठवतात आणि दाजी त्या मापाची कवळी घडवतात, घासतात, चमकवतात. अशा माणसासमोर मेहुणीने सकाळी सकाळी आपलं हॉकीचं हेल्मेट ठेवलं. ती बर्फावरची हॉकी खेळायची. संघातली निवड दोनदा हुकली होती आणि उद्या पुन्हा चाचणी होती.

"दाजी, हे जरा बघता का? डावीकडे..."

दाजींनी पाहिलं. डोळ्यांसमोर येणाऱ्या पारदर्शक काचेवर, डावीकडे, केसासारखे बारीक ओरखडे होते.

"बघायचं काय त्यात? अगं, मी अख्ख्या गावाचं हसू चमकवतो. संध्याकाळी घेऊन जा. काच जागेवर आहे की नाही, हे तुला बोट लावून बघावं लागेल."

"अहो, तिचं बोलणं पुरतं ऐकून तरी घ्या," बायको म्हणाली. पण तोवर हेल्मेट काखेत मारून दाजी जिना उतरले होते.

कवळ्यांच्या कारखान्यातले सगळे जेवणाच्या सुट्टीत बाहेर गेल्यावर दाजींनी काच सोडवली. म्हणायला काच, असतं प्लॅस्टिकच, आणि प्लॅस्टिक म्हणजे दाजींचं माहेर. त्यांनी पांढरी भुकटी पाण्यात कालवली, काचेला फासली आणि कवळ्या घासायचं कापडी चाक सुरू केलं. ओरखडे गेले. अगदी गेले. फक्त त्यांच्या जागी दुधाच्या सायीसारखा एक धुरकट गोल डाग उमटला.

आता एवढाच डाग वाईट दिसतो, म्हणून दाजींनी आजूबाजूलाही घासलं. मग डावी बाजू उजवीशी जुळेना, म्हणून उजवीही घासली. त्या प्लॅस्टिकवर पापुद्र्यासारखा एक पातळ थर असतो आणि सगळी चमक त्याचीच असते, हे तो थर पूर्ण निघाल्यावर दाजींच्या ध्यानात आलं. कवळीला असलं काही नसतं.

घाबरून त्यांनी चाकाचा वेग वाढवला. प्लॅस्टिक तापलं, कडेला पापडासारखं वाकलं, आणि चाकाने एक हिसका देऊन ते हातातून ओढून थेट प्लास्टरच्या बादलीत भिरकावलं. दातांच्या साच्यासाठी नुकतंच कालवलेलं प्लास्टर. ते घट्ट व्हायला कितीसा वेळ लागतो? दाजींनी आधी मशीन बंद करून काच बाहेर काढेपर्यंत ती भिंतीचा तुकडा झाली होती. प्लास्टर सुरीने खरवडावं लागलं. आधीचे ओरखडे केसासारखे होते, आताचे नांगरटीसारखे.

तेवढ्यात फोन वाजला. मेहुणी.

"दाजी, झाला का हो स्क्रू घट्ट?"

"कोणता स्क्रू?"

"डावीकडचा. खेळताना काच खुळखुळते. म्हणून तर हेल्मेट दिलं."

दाजी स्टुलावर बसले. "आणि ते ओरखडे?"

"ते असू द्या हो. ते कुठे मध्ये येतात?"

दाजी खेळांच्या दुकानात धावले. त्या मापाची काच पुढच्या आठवड्यात येईल, असं दुकानदार म्हणाला. "पुढच्या आठवड्यात आणून मी काय तिला हार घालू?" असं दाजींच्या ओठांवर आलं होतं, पण त्या माणसाची काय चूक? घरापर्यंत ते चालत गेले. वाटेत एखादं खरं वाटेल असं खोटं सुचेल, अशी आशा होती. ते काही सुचलं नाही.

मेहुणी वाटच बघत होती. दाजींनी मान खाली घालून काच पुढे केली. तिने ती डोळ्यांसमोर धरून वर दिव्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"दाजी, दिवा लागलाय एवढं कळतंय," ती हळूच म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

दाजींना वाटलं, रागावली असती, चार शब्द सुनावले असते, तर बरं झालं असतं. शेवटी मेहुणीनेच संघातल्या मैत्रिणींना फोन लावले. त्यातल्या एकीकडे हेल्मेटला लावायची जुनी तारेची जाळी होती. काचेऐवजी ती चालणार होती. दाजींनी जाऊन ती आणली, हेल्मेटला बसवली आणि डावीकडचा स्क्रू असा पिळला की बोटाला फोड आली.

दुसऱ्या दिवशी चाचणीभर दाजी खाली मान घालून आपले बूट बघत होते. बायकोने ढोसलं तेव्हा वर पाहिलं. मेहुणी घामाने निथळत, हसत येत होती. निवड झाली होती.

"जाळीच बरी," ती म्हणाली. "धाप लागली की काचेवर वाफ धरायची. आता मी जाळीच लावणार."

दाजींचा जीव भांड्यात पडला. पिशवीतली काच त्यांनी बाहेर काढली. "मग हिचं काय करायचं?"

"न्हाणीघराच्या झरोक्याला लावा," बायको म्हणाली. "आतलं बाहेर काही दिसणार नाही."

घरी आल्यावर दाजी मुकाट्याने स्टुलावर चढले आणि काच झरोक्याला लावून पाहिली. तिथेही ती बसेना. कडेला वाकली होती ना.