शामरावांची माझ्या ‘नाही’शी शर्यत

ये, अशी जवळ सरक. दारात उभी राहून हसतेस काय गं त्यांना? लाज नाही वाटत? साठी उलटलेला माणूस धोतर खोचून मालगाडीशी शर्यत लावतो, म्हणून हसू आलं तुला. आमचं अख्खं तुमसर हसायचं बाई, आणि सगळ्यांच्या आधी मी. म्हणून तर सांगते, हसू नकोस.

हे शामराव. भातगिरणीत काट्यावर पोती तोलायचे. आमच्या समोरच, गल्लीपलीकडच्या एका खोलीत राहतात. पायात वहाण नाही, पण बगलेत छत्री कायमची. ती उघडलेली मात्र कोणी पाहिली नाही. एकदा भर पावसात चिंब होऊन आले, तेव्हा मी विचारलं, “भाऊजी, उघडत काहून नाही तिले?”

“उघडली का हवा धरते ना, वहिनी! मंग धावाचं कसं?”

“जरा पाय मोकळे करून येतो,” म्हणायचे आणि थेट भंडाऱ्याला जाऊन यायचे. धावत! एकदा मी म्हटलं, येताना सांबार आणा. सांबार म्हणजे कोथिंबीर गं. दिवस मावळता मावळता कोमेजलेली जुडी घेऊन हजर. भाजी केव्हाच खाऊन झाली होती. म्हटलं, “आपल्या बाजारात सांबार नव्हता का जी?”

“होता ना. पण मी तिकडं होतो!”



दरवर्षी नवे तांदूळ आले की शामराव आमच्या ओट्यावरून दिसतो त्या तलावाच्या पाळीवरून, बांधावरूनच म्हण, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत फेरे घालायचे. फेऱ्यामागे कोणी ना कोणी एक पायली तांदूळ द्यायचे. ते तांदूळ जायचे नागपूरला, कॅन्सरच्या दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत. गिरणीच्या ट्रकसोबत गेले असताना त्यांनी तिथे पाहिलं होतं, बाहेरगावाहून आलेली माणसं तीन दगड मांडून शिजवतात, आणि एका गंजातलं, पातेल्यातलं, दोन घरं खातात. तेव्हापासून हे खूळ. आम्ही त्या रोगाचं नावही घेत नसू, ‘तो आजार’ म्हणायचो. आणि हे पाळीवरून ओरडायचे, “कॅन्सरसाठी एक पायली!”

बाया दारं लोटून घ्यायच्या. “हळू बोला ना जी शामराव, आयकून येईन तो!”

“येऊ द्या! माह्या मागं धावून दाखव म्हना त्याले!”

आणीबाणी उठली त्या वर्षी तो खरंच आला. माझ्याकडे आला. मानेवर गाठ. डॉक्टर म्हणाले, नागपूरला राहून सहा आठवडे शेक घ्यावा लागेल. मी म्हटलं, शेकच ना? मग त्याला नागपूर कशाला? वीट तापवली, फडक्यात गुंडाळली आणि लावली मानेला. गाठ जिथल्या तिथे, वरून कातडी भाजली ते वेगळंच. तिथला शेक विजेचा असतो, हे मला कोण सांगणार?

पण खरं सांगू? विटेचं निमित्त होतं. मला भीती वाटत होती. गल्लीतून नागपूरला गेलेली एक बाई परत आली नव्हती. ‘मी जात नाही’, एवढंच मी धरून बसले. आमचे हे समजावून थकले, ताटावर नुसते बसून उठायला लागले.

मग शामराव आले. बसले नाहीत. दारातूनच म्हणाले, “वहिनी, शर्यत लावू. मी धावतो, तुमी नाही म्हनत राहा. पाहू कोन आधी थकते.”

कार्तिक होता. तलावावर सकाळचं धुकं इतकं दाट, की पाळ दिसायची नाही. नुसतं पांढरं धोतर हवेतून वाहत जाताना दिसायचं. मी ओट्यावर गोधडी घेऊन पडलेली. ते मोहाच्या झाडांआड जायचे, मग नुसतं पाणी, कमळाची पानं, एखादा बगळा. माझा डोळा लागायचा. उघडावा तर धोतर पुन्हा वाहतंच आहे. झोप कुठली आणि जाग कुठली, कळेना. वाटायचं, हा तलावच फिरतो आहे आणि हे आपले जागच्या जागी. बाया तांदूळ टाकायला पाळीवर यायच्या आणि तिथूनच मला ओरडायच्या, “हो म्हन ना वं बाई, मरन तो मानूस!”

दोन दिवस मी नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ते झाडांआड गेले ते बाहेरच येईनात. मी वाट पाहिली. मग गोधडी टाकून उठले आणि चालत पाळीवर गेले. छत्री टेकत टेकत येत होते, एक पाय ओढत.

“थांबा भाऊजी. जाते मी.”

“हारल्या?”

“हारली.”

“मंग तुमी निघा तयारीले. मी हा फेरा पुरा करून येतो. याचे तांदूळ कबूल झाले आहेत.”

धर्मशाळेत ते दर रविवारी पोतं खांद्यावर घेऊन यायचे. गाडीनं हो, धावत नाही! माझ्या घशाखाली घास उतरत नसे, म्हणून पातळ पेज करायचे. शेजारच्या बालाघाटच्या म्हातारीलाही द्यायचे, तिच्या नातवंडांची नावं विचारायचे. आणि मग दिवसभर भिंतीला टेकून बसायचे. इतके स्वस्थ, की मला ओळखू येईनात.

सहाव्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, गाठ विरली, घरी जा. आमच्या यांच्या डोळ्यांना धार लागली. शामराव मात्र रिकामं पोतं घडी घालत होते. घातली, उलगडली, पुन्हा घातली.

“मंग या रईवारी यायचं नाही म्हनता?”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला गं. त्यांच्या घरचं कोणी या रोगानं गेलं नव्हतं. जायला कोणी नव्हतंच. इतकी वर्षं गल्लीपलीकडे राहिलेला माणूस, आम्ही त्याला हसलो, सांबार आणायला सांगितलं, पण जेवायला बसा असं कधी म्हटलं नाही.

मी म्हटलं, “रईवारी घरी या. जेवाले.”

“कितीक वाजता येऊ?”

समोरच्या दारातून यायचं, आणि वेळ विचारतात! त्या रविवारी धुतलेलं धोतर नेसून ते कधीचे ओसरीखाली उभे होते, बोलावण्याची वाट पाहत.

अजून दर रविवारी येतात. तूही रविवारीच ये. आणि लवकर ये बाई, महिना लावू नकोस. जेवायला बसले की फार बोलतात ते, आणि मला सगळं पाठ झालं आहे. ऐकायला त्यांना नवं माणूस लागतं.