किटलीचा कबुलीजबाब

किंकाळी फोडावी तर आपणच, असं तो छातीवर हात ठेवून सांगायचा. कड्यावरून पडणाऱ्याची, अंगावर पाल पडलेल्याची, नाहीतर लॉटरी लागलेल्याची. मागाल ती किंकाळी तयार! डबिंगच्या स्टुडिओत सगळे त्याला बोंबल्या म्हणत, आणि त्याला ती पदवीच वाटे.

पण एका सिनेमानं त्याला नमवलं. सरकारनं दहशतवादी समजून उचललेला एक शाळामास्तर, तळघरातली खोली, आणि त्याचा छळ करतानाही कधी आवाज न चढवणारा साहेब. बघता बघता बोंबल्याच्या हातातला चहा निवून गेला होता. असं काम जन्मात एकदाच दारी येतं. पण मास्तराचा आवाज द्यायला तो उभा राहिला, तर दिग्दर्शिका म्हणाली, "तुम्ही ओरडता छान. पण भीत नाही. उद्या शेवटचं बघू, नाहीतर दुसरा माणूस घेते."

म्हणून दुपारी त्यानं बायकोकडून स्वतःला ओढणीनं खुर्चीला बांधून घेतलं आणि साहेबाचे संवाद तिच्यापुढे ठेवले. ती मटार सोलत होती. सोलता सोलताच वाचू लागली, अंगाई म्हणावी तशा संथ सुरात.

"आम्हाला सगळं माहीत आहे. तुमच्या तोंडून ऐकायचंय, एवढंच."

"मी काही केलं नाही, साहेब!" तो किंचाळला.

"बरं. आणि?"

ते 'आणि' कागदावर नव्हतं. ते संसारातलं होतं. लोण्यात सुरी शिरावी तसं ते आत शिरलं. बोंबल्याला दरदरून घाम फुटला, मास्तराचं पुढचं वाक्य पार उडालं, आणि तोंडून निघालं, "निळ्या किटलीची तोटी मी फोडली."

ही किटली बायकोच्या माहेरची. तोटी कुणी फोडली यावरून घरात कधीची धुसफूस चालली होती, ती खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जायची. तोटी फुटली तेव्हा बोंबल्या घरातही नव्हता.

तेवढ्यात आतल्या खोलीतून त्याची आई डोळे पुसत आली. "सूनबाई, सोड त्याला. मी फोडली. आठवत नाही, पण मीच असेन."

किंकाळी ऐकून खालचे रिटायर्ड पोस्टमास्तर काठी घेऊन धावत वर आले. बांधलेला नवरा, रडणारी सासू आणि मटार सोलणारी सून बघून ते दारातच थिजले. सुनेनं मान वर केली. "बरं. आणि तुम्ही?"

"मी एकदाच चहा प्यायलो त्या किटलीतून," त्यांनी काठी पाठीमागे लपवली. "तरी फोडली असेन तर नवी आणून देतो."

तोटी एक, गुन्हेगार तीन. बायकोच्या हातातली शेंग तशीच राहिली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"माझ्याच हातून फुटली ती," ती पुटपुटली. "घासताना." मग हातातल्या कागदाकडे बघत म्हणाली, "ज्यानं कुणी हे लिहिलंय, त्यानं अगदी खरं लिहिलंय हो."

दुसऱ्या दिवशी माइकपुढे बोंबल्या ओरडला नाही. डोळे मिटून त्यानं ते 'आणि' आठवलं आणि हळूच म्हणाला, "होय, मीच." काचेपलीकडे दिग्दर्शिकेनं कानावरचे हेडफोन उतरवले.

तो तरंगतच घरी आला. बायकोनं दार उघडलं. जमलं, काम आपलंच, असा भिणारा माणूस पाहिला नाही म्हणाल्या बाई, सगळं त्यानं एका दमात सांगितलं.

"बरं," ती कौतुकानं हसली. "आणि?"

बोंबल्याची एक चप्पल पायात, एक हातात.

"आणि पंखाही मीच बिघडवला."

डोक्यावर पंखा छान गरगरत होता.